कँडिडाचे रूपांतर : जनुके, पेशीभित्तिका आणि आपली चिकित्सादृष्टी

पावसाळा स्थिरावला, की देवळा आणि एकूणच कसमादे पट्ट्यातील वैद्यांकडे काही ठरावीक तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागतात. कांदा लागवडीच्या वाफ्यांत दिवसभर चिखलात उभ्या राहणाऱ्या स्त्रियांच्या पायांच्या बोटांत चिखल्या होतात. सतत पाण्यात असणाऱ्या हातांच्या नखांच्या कडा सुजतात. अंगावरून पांढरे जाते व कंडू असह्य होते. बाटलीने दूध पिणाऱ्या बालकाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा थर दिसतो, तर मधुमेही वृद्धाच्या कवळीखालील भाग लाल होऊन चुरचुरतो. या तक्रारींची कारणे अनेक असतात. परंतु त्यांतील बऱ्याच रुग्णांत एकाच सूक्ष्म बुरशीचा हात असतो. ती म्हणजे कँडिडा अल्बिकन्स.

ही बुरशी अनेक निरोगी व्यक्तींच्या मुखात, आंत्रात आणि योनिमार्गात वर्षानुवर्षे निरुपद्रवीपणे वास करते. त्यामुळे तपासणीत कँडिडा सापडली म्हणजे निदान पूर्ण झाले, असे म्हणता येत नाही. शांतपणे राहणारा हा सहवासी कोणत्या क्षणी आणि कोणत्या साधनांनी आक्रमक होतो, हा खरा प्रश्न आहे. गेल्या सुमारे तीस वर्षांत जनुकशास्त्राने त्याचे बरेचसे उत्तर दिले आहे. ते उत्तर आपल्या द्रव्यांच्या परीक्षणाशी आणि दैनंदिन चिकित्सेशी थेट निगडित असल्यामुळे वैद्यबंधू-भगिनींसमोर व औषधनिर्मात्यांसमोर ते सविस्तर मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहोत.

एक जीव, दोन रूपे

कँडिडा अल्बिकन्स मुख्यतः दोन रूपांत आढळते. पहिले यीस्टरूप, म्हणजेच किण्वरूप : गोल वा अंडाकृती सुट्या पेशी, ज्या मुकुलनाने वाढतात. दुसरे तंतुरूप : समांतर भिंतींचे, लांबच लांब वाढणारे, आडव्या पडद्यांनी विभागलेले धागे. या दोहोंच्या मधले छद्मतंतू हे रूपही दिसते. एकाच जीवाच्या अशा रूपबदलास द्विरूपता म्हणतात.

हा बदल प्रयोगशाळेत सहज पाहता येतो. यीस्टरूपातील पेशी रक्तद्रवात म्हणजे सीरममध्ये मिसळून ३७ अंश सेल्सियसला ठेवल्या, की दोन ते तीन तासांत त्यांतून अंकुरासारखी नळी बाहेर पडते. ही ‘जर्म ट्यूब’ चाचणी कँडिडा अल्बिकन्स ओळखण्यासाठी रोगनिदान प्रयोगशाळांत अनेक दशके वापरली जात आहे. रक्तद्रव, शरीराचे तापमान, उदासीन सामू, कार्बन डायऑक्साइडचे वाढलेले प्रमाण आणि एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन नावाची शर्करा हे तंतुरूपाकडे नेणारे प्रमुख संकेत होत. कमी तापमान आणि आम्लता यीस्टरूपास अनुकूल असतात. पेशींची दाटी झाली, की कँडिडा स्वतःच फार्नेसॉल नावाचे द्रव्य स्रवून रूपांतर रोखते, हे २००१ मध्ये दाखविण्यात आले.

या दोन रूपांची कामे भिन्न आहेत. सुटी यीस्टपेशी रक्तप्रवाहाबरोबर सहज पसरते. तंतू ऊतीत शिरतो, आणि एखाद्या भक्षकपेशीने कँडिडा गिळली, तरी आतून वाढून तिला फोडून बाहेर पडू शकतो. मूत्रनलिका, कवळी यांसारख्या पृष्ठभागांवर तयार होणाऱ्या चिवट बायोफिल्मचा सांगाडाही प्रामुख्याने तंतूंचाच असतो.

पेशीभित्तिका : आवरण आणि आयुध

बुरशीच्या पेशीला बाहेरून भित्तिका असते. मानवी पेशीला ती नसते. कँडिडाच्या भित्तिकेचा आतील थर ग्लुकन व कायटिन या बहुशर्करांचा असून तो बळकटी देतो. बाहेरील थर मॅनोप्रथिनांचा, म्हणजे मॅनोज शर्करेच्या साखळ्या जोडलेल्या प्रथिनांचा असतो. भित्तिकेच्या शुष्क भारात ग्लुकनचा वाटा सुमारे निम्मा, मॅनोप्रथिनांचा त्याखालोखाल आणि कायटिनचा अत्यल्प असतो. मात्र तंतुरूपात कायटिनचे प्रमाण यीस्टरूपाच्या सुमारे तिप्पट होते. म्हणजे रूपांतराच्या वेळी भित्तिकेची बांधणीच बदलते.

बाहेरील थरातील बदल अधिक महत्त्वाचा आहे, कारण आपल्या शरीराचा पहिला संपर्क त्याच थराशी येतो. तंतुरूपाबरोबर तीन प्रथिने विशेषत्वाने प्रकट होतात.

पहिले एचडब्ल्यूपी-१ या जनुकाचे प्रथिन. आपल्या मुखातील श्लेष्मल त्वचेच्या पेशींत ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर असते, जे शरीराची स्वतःची प्रथिने एकमेकांस घट्ट जोडते. बुरशीचे हे भित्तिप्रथिन त्या विकरास आपल्याच प्रथिनासारखे भासते. परिणामी आपलेच विकर बुरशीला आपल्या पेशीवर पक्के सांधून टाकते. हा शोध १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला.

दुसरे एएलएस-३ चे प्रथिन. एएलएस हे आठ जनुकांचे कुटुंब चिकटण्याच्या कामाशी संबंधित आहे. त्यांतील तिसऱ्या जनुकाचे प्रथिन तंतूवर प्रकटते आणि आपल्या पेशींवरील कॅडेरिन प्रथिनास पकडून पेशीला तंतू आत ओढून घेण्यास प्रवृत्त करते. हे काम २००७ मध्ये उलगडले. हेच प्रथिन आपल्या पेशींतील फेरिटिनमधून लोह मिळविण्यासही साहाय्य करते, असे पुढील वर्षी दिसून आले.

तिसरे ईसीई-१. याचे प्रथिन भित्तिकेत न राहता तुकडे होऊन बाहेर स्रवते. त्यांतील ३१ अमिनो आम्लांचा एक तुकडा आपल्या पेशींच्या पटलाला छिद्रे पाडतो. २०१६ मध्ये त्याची विष म्हणून ओळख पटली व त्यास कँडिडालायसिन हे नाव मिळाले. हे जनुक १९९० च्या दशकापासून माहीत होते; त्याचे कार्य कळण्यास वीसहून अधिक वर्षे लागली.

चिकटणे, आत शिरणे आणि इजा करणे ही तिन्ही कामे अशा रीतीने तंतुरूपाशी जोडलेली आहेत.

नियंत्रक जनुके आणि आसवारिष्टांतील चुलत नातलग

ही प्रथिने केव्हा निर्माण करावयाची, हे नियंत्रक जनुके ठरवितात. ईएफजी-१ आणि सीपीएच-१ ही तंतुरूपास चालना देणारी, तर एनआरजी-१ आणि टीयूपी-१ ही त्यास लगाम घालणारी. अनुकूल संकेत मिळाला, की लगाम सैल होतो व चालना प्रबळ होते.

यांतील सीपीएच-१ चा शोध औषधनिर्मात्यांना जवळचा वाटावा असा आहे. आपल्या आसवारिष्टांत धायटीच्या फुलांबरोबर येणारे किण्व शर्करेपासून मद्यार्क घडविते. पाव आणि मद्यनिर्मितीत वापरले जाणारे सॅकरोमायसिस यीस्ट हे कँडिडाचे चुलत नातलग म्हणावे लागेल. नत्राची उपासमार झाली, की हे यीस्टही लांबट पेशींच्या साखळ्या करून वाढते, असे १९९२ मध्ये दाखविण्यात आले. त्याच्या या गुणधर्माचे नियंत्रण करणाऱ्या जनुकाचा प्रतिरूप कँडिडात शोधताना १९९४ मध्ये सीपीएच-१ हाती लागले. संधानकल्पनेतील उपकारक किण्व आणि मुखपाकातील उपद्रवी बुरशी यांची आज्ञावली इतकी जवळची आहे. म्हणूनच ‘बुरशी’ या एका शब्दावरून हितकारक-अहितकारक ठरविता येत नाही. ती कोठे आहे व कोणत्या रूपात आहे, हे पाहावे लागते.

प्राणिप्रयोगांनी काय दाखविले

१९९७ मध्ये ईएफजी-१ व सीपीएच-१ ही दोन्ही जनुके काढून टाकलेली कँडिडा उंदरांस टोचण्यात आली. ती तंतू करू शकली नाही आणि तिची मारकता जवळजवळ लोपली. मात्र त्याच वर्षी अभ्यासले गेलेले टीयूपी-१ विरहित वाण कायम तंतुरूपात राहते, आणि तेही पुढे निष्प्रभ ठरले. यावरून तंतुरूपाइतकेच रूप बदलण्याचे सामर्थ्य महत्त्वाचे, असे अनुमान निघाले.

२००३ मधील प्रयोग अधिक बोलका आहे. एनआरजी-१ चा लगाम संशोधकांच्या इच्छेनुसार आवळता वा सोडता येईल असे वाण तयार करण्यात आले. लगाम आवळलेला असताना यीस्टपेशी उंदरांच्या अवयवांत मोठ्या संख्येने पोहोचल्या, तरी उंदीर जगले. लगाम सोडताच तंतू निर्माण झाले आणि उंदीर मृत्युमुखी पडले. बुरशीचे अस्तित्व आणि बुरशीचा रोग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

पीएचआर-१ आणि पीएचआर-२ या जोडजनुकांचा प्रयोग तर आपल्या ‘देश’ विचाराची आठवण करून देतो. दोन्ही जनुके भित्तिकेच्या ग्लुकनची जुळणी करणारी विकरे देतात. परंतु पहिले उदासीन वा अल्कधर्मी वातावरणात आणि दुसरे आम्ल वातावरणात कार्य करते. १९९८ मध्ये असे आढळले, की पहिले जनुक नसलेली कँडिडा रक्तमार्गे होणाऱ्या रोगात निष्प्रभ ठरते, पण योनिमार्गात रोग करते. दुसरे नसल्यास नेमके उलट घडते. एकच बुरशी स्थानपरत्वे वेगळे साधन उपसते. केवळ आम्ल किंवा केवळ क्षारीय धावनाने योनिगत कँडिडा हटेल ही अपेक्षा किती अपुरी आहे, हे यावरून लक्षात यावे.

या चित्राला मर्यादाही आहेत आणि त्या जाणून घेणे आवश्यक आहे. २०१० मध्ये ६७४ जनुकांच्या उत्परिवर्तित वाणांची पद्धतशीर चाचणी झाली. तेव्हा रूपांतर नीट न होणारी काही वाणे उंदरांत तग धरून राहिली, तर रूपांतर व्यवस्थित होणारी काही वाणे दुर्बल ठरली. शिवाय कँडिडा ग्लॅब्राटा खरे तंतू करीत नाही. २००९ मध्ये प्रथम वर्णिलेली आणि रुग्णालयांत गंभीर संसर्ग करणारी कँडिडा ऑरिसही बहुधा यीस्टरूपातच आढळते. म्हणून अल्बिकन्सवर झालेला अभ्यास सर्व बुरशींना सरसकट लावता येत नाही.

पुणे, नांदेड आणि दिल्ली येथील कार्य

या विषयात आपल्या भूमीवर मोलाचे काम झाले आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुकुंद देशपांडे आणि सहकाऱ्यांनी बेंजामिनिएला पॉइट्रासी या द्विरूपी बुरशीचा प्रदीर्घ अभ्यास केला. ही बुरशी म्यूकर वर्गातील. २०२१ मध्ये महाराष्ट्राला हादरविणाऱ्या म्युकरमायकोसिसच्या बुरशी याच वर्गातील आहेत. मात्र बेंजामिनिएला स्वतः त्या रोगाचे कारण नव्हे, ती अभ्यासासाठी सोयीची आहे. डॉ. अनघा खळे, डॉ. एम. सी. श्रीनिवासन व डॉ. देशपांडे यांनी १९९२ मध्ये दाखविले, की ग्लुटामेट डिहायड्रोजिनेज या विकराच्या दोन प्रकारांचे परस्पर प्रमाण या बुरशीच्या रूपाशी निगडित आहे. पुढे २००२ मध्ये ॲबर्डीन विद्यापीठाच्या सहकार्याने तिच्यातील कायटिन घडविणाऱ्या जनुकांचे मोठे कुटुंब प्रकाशात आले व त्यांतील जनुके रूपपरत्वे कमी-अधिक कार्यरत असतात हे दिसले. विशेष म्हणजे ही बुरशी ३७ अंशांस यीस्टरूप घेते आणि २८ अंशांस तंतुरूप, म्हणजे कँडिडाच्या उलट. तापमान हा केवळ संकेत. त्याचा अर्थ प्रत्येक बुरशी स्वतःच्या प्रकृतीनुसार लावते.

नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात डॉ. मोहन करुप्पयिल यांच्या गटाने वनस्पतिजन्य द्रव्यांचा कँडिडावरील परिणाम तपासला. त्यांचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले काम टर्पिनॉइड वर्गातील द्रव्यांचे आहे. अशा अनेक द्रव्यांनी कँडिडाचे रूपांतर, चिकटणे आणि बायोफिल्म यांस अटकाव केला. धण्याच्या तेलातील लिनालूल आणि ओव्यातील थायमॉल ही याच व्यापक वर्गातील परिचित द्रव्ये होत.

दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात डॉ. असिस दत्ता यांच्या गटाने २००१ मध्ये दाखविले, की एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन पचविणारी जनुके काढल्यास कँडिडाचे रूप बदलते व मारकता घटते. तेथीलच डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या गटाने २०१० मध्ये हळदीतील कर्क्युमिन हे टीयूपी-१ या लगाम जनुकाच्या द्वारे तंतुनिर्मिती रोखते, असे मांडले.

आपली परीक्षणपद्धती अपुरी पडते कोठे

आपल्याकडे एखाद्या द्रव्याची बुरशीविरोधी शक्ती पाहावयाची झाल्यास बहुधा एकच चाचणी केली जाते. पोषक आगरवर बुरशी पसरावयाची, खळग्यात क्वाथ वा अर्क घालावयाचा आणि भोवती किती मिलिमीटर स्वच्छ वर्तुळ पडते ते मोजावयाचे. वर्तुळ पडले तर द्रव्य गुणकारी, न पडले तर निरुपयोगी, असा निष्कर्ष निघतो.

वरील विवेचन पाहता ही चाचणी केवळ वाढ थांबते का, एवढेच सांगते. रूपांतर थांबते का, चिकटणे कमी होते का, यांविषयी ती मौन बाळगते. तशातच एखादे द्रव्य आगरमध्ये नीट पसरत नसेल, तर वर्तुळही दिसत नाही. अशा चाचणीत नापास ठरलेली काही द्रव्ये रूपांतर रोखणारी असू शकतील. उलटपक्षी, वर्तुळ पडले म्हणून रुग्णाचा रोग बरा होईल, असेही सिद्ध होत नाही.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात क्रिमींच्या चिकित्सेचे तीन मार्ग सांगितले आहेत : अपकर्षण, प्रकृतिविघात आणि निदानोक्त भावांचा त्याग. क्रिमी बाहेर काढणे, ज्या स्थितीत ते फोफावतात ती स्थिती पालटणे आणि कारण टाळणे. प्राचीन आचार्यांना कँडिडाची जनुके ज्ञात होती, असा दावा आम्ही करीत नाही. तसा दावा शास्त्राचा गौरव करीत नाही आणि आपली विश्वासार्हता मात्र घटवितो. परंतु प्रकृतिविघात या संकल्पनेने आजच्या संशोधकांसमोरील प्रश्नच वेगळ्या शब्दांत विचारला आहे, हे नमूद केलेच पाहिजे. जीव न मारता त्याची उपद्रवक्षमता काढून घेता येईल का? त्या दृष्टीने हरिद्रा, धान्यक, यवानी यांची तपासणी होणे हे आपल्या क्षेत्राचे स्वाभाविक कार्य आहे.

ही तपासणी खर्चिक नाही. जर्म ट्यूब चाचणीत द्रव्याचे विविध तीव्रतेचे अर्क मिसळून किती टक्के पेशींतून अंकुर फुटतो, हे सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येते. सोबत अर्काविना एक संच आणि ज्ञात औषधाचा एक संच ठेवणे अनिवार्य होय. मात्र जिवंत रोगकारक बुरशी हाताळावयाची असल्याने हे काम सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली, सुसज्ज प्रयोगशाळेतच व्हावे. नाशिक जिल्ह्यातील आयुर्वेद महाविद्यालयांच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी व औषधनिर्मात्यांनी एकत्र येऊन असा विषय हाती घेतल्यास त्याचा लाभ सर्वांनाच होईल.

चिकित्सालयात आणि औषधालयात

निदानाच्या वेळी दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील खरवडीची तपासणी जवळच्या प्रयोगशाळेतून करून घ्यावी आणि अहवालात तंतू दिसले की केवळ यीस्टपेशी, हे विचारावे. तंतू दिसणे संसर्गाच्या निदानास पुष्टी देते. श्वेतस्रावाच्या रुग्णेत सामू कागदाने योनिगत सामू पाहणे सोपे आहे. कँडिडाजन्य स्रावात तो बहुधा ४.५ पर्यंतच राहतो. त्याहून अधिक असल्यास जिवाणूजन्य अथवा ट्रायकोमोनासजन्य कारणाचा विचार करावा. ग्रंथोक्त श्लैष्मिकी योनिव्यापदेची पिच्छिलता व कंडू ही लक्षणे मिळतीजुळती वाटली, तरी दोहोंचे समीकरण मांडू नये.

वारंवार होणाऱ्या तक्रारीत रक्तशर्करा तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये. नुकतीच घेतलेली प्रतिजैविके, दम्यासाठीचे श्वसनमार्गी स्टेरॉइड, रात्री न काढली जाणारी कवळी आणि गर्भावस्था यांची चौकशी करावी. बोटांच्या बेचक्या कोरड्या ठेवणे, हे निदानपरिवर्जन कोणत्याही लेपाइतकेच मोलाचे आहे.

गिळताना वेदना, ज्वर, लक्षणीय वजनघट, एचआयव्ही अथवा कर्करोगावरील उपचार, तसेच मधुमेही रुग्णाच्या नाकात वा डोळ्याभोवती वेदना, सूज व काळेपणा आढळल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. म्युकरमायकोसिसमध्ये शस्त्रक्रिया व ॲम्फोटेरिसिन या उपचारांना पर्याय नाही, आणि तेथे दिवसांवर नव्हे, तर तासांवर हिशेब असतो.

औषधविक्रेत्यांना आमची एक आग्रहाची विनंती आहे. स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली मलमे रुग्ण नाव सांगून मागतात. त्यांनी कंडू तात्काळ शमते, परंतु स्थानिक प्रतिकार दुबळा होऊन बुरशीला मोकळीक मिळते. त्वचेवर लावावयाच्या अनेक स्टेरॉइडना २०१८ मध्ये केंद्र शासनाने परिशिष्ट एचच्या कक्षेत आणले आहे. चिठ्ठीविना ती देऊ नयेत.

निर्मात्यांनीही वेष्टनावरील शब्द तोलून वापरावेत. कर्क्युमिनने परीक्षानळीत तंतू रोखले, यावरून हळदीचे चूर्ण पोटात घेऊन योनिगत कँडिडा बरी होते, असे निष्पन्न होत नाही. मुखावाटे घेतलेले कर्क्युमिन रक्तात फारच अल्प प्रमाणात पोहोचते. स्थानिक वापराच्या कल्पांचा, उदाहरणार्थ गंडूष वा प्रतिसारण यांचा, अभ्यास अधिक आशादायक ठरू शकेल. पण तोही रुग्णांवर रीतसर झाला पाहिजे. परीक्षानळी, प्राणी आणि रुग्ण या तीन पायऱ्या आहेत. पहिल्या पायरीवर उभे राहून तिसरीची जाहिरात करणे रुग्णाच्या विश्वासाला धक्का देणारे आहे.

येत्या खरिपात आपापल्या चिकित्सालयात येणाऱ्या अशा रुग्णांची साधी नोंदवही ठेवावी, ही सर्व सभासदांस विनंती. वय, व्यवसाय, स्थान, रक्तशर्करा, खरवडीत दिसलेले रूप, दिलेले कल्प आणि तीन महिन्यांतील पुनरुद्भव एवढे सात स्तंभ पुरेसे आहेत. रोग पुन्हा उलटला का, या शेवटच्या स्तंभावरूनच आपल्या कल्पांची परीक्षा होईल.